देवाची मूठ

आमच्या घरात पिठाची चोरी व्हायची आणि चोर होती माझी सासू. चोरी देवासाठी होती, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

नीट सांगते. जबलपूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांचा एक नेम होता. पोळी-भाकरीला पीठ घेतलं की त्यातली पहिली मूठ उचलून वेगळ्या डब्यात टाकायची. ही देवाची मूठ. रविवारी तो डबा देवळात, म्हणजे आमच्या कौलारू चर्चमध्ये न्यायचा आणि वेदीपुढच्या मोठ्या टोपलीत ओतायचा. ते पीठ मंडळीतल्या विधवांच्या, आजाऱ्यांच्या घरी जायचं. मी नागपूरहून लग्न होऊन आले, तिथेही हाच नेम होता. मूठ काढायला मी कधी कुरकुरले नाही. पण मूठ म्हणजे मूठ. ओंजळ नव्हे, वाटी नव्हे.

सासूबाईंची मूठ त्या हिवाळ्यात फुगत चालली. आधी एकीच्या दोन झाल्या, मग दोनाची ओंजळ. मी पाठ वळवली की डब्याचं झाकण वाजायचं. आमच्या चेरीतालच्या घरात माणसं चारच. सासूबाई शकुबाई, मामंजी, माझा नवरा शरच्चंद्र आणि मी. मामंजी सुतार, नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. पण दळण आठवडाभर पुरेनासं झालं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई देवाला देऊन राहिली, तुझं काय जातं?" माझं काय जातं! जातं मी ओढत होते.

पिठाचं सोडून देता आलं असतं. पण देवाची ओंजळ वाढली तशी सासूबाईंची भाकरी लहान झाली. अर्धी खायच्या आणि हात धुवायच्या. विचारलं की म्हणायच्या, "पोट भरलं माझं." बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि तिकडे देवळात पाळकीणबाई पद्मजाताईंनी त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "शकुबाईंचा डबा बघा, मैत्रिणींनो, किती जड आहे!" म्हणाल्या. झालं. पुढच्या रविवारी डबा आणखी जड. मला त्या बाईंचा इतका राग आला की मी स्तोत्र अर्ध्यावर सोडून गप्प उभी राहिले.

मग एका सकाळी जात्याशी बसल्या-बसल्या सासूबाईंना घेरी आली. खुंटा हातातून सुटला आणि त्या बाजूला कलंडल्या. मी पाणी मारलं, गूळ भरवला, त्यांना अंथरुणावर नेऊन निजवलं आणि पदर खोचून तडक पाळकांच्या घरी गेले.

आमचे पाळक पुंडलिकराव साधा माणूस. हिवाळाभर त्यांचं नाक गळायचं आणि गळ्यात मफलर असायचा. मी दारातच सुरू केलं. "पाळकसाहेब, देवाला पीठ कमी पडून राहिलं असेल तर माझ्या बापाकडून पोतं मागवते. पण माझ्या सासूला सोडा."

पद्मजाताईंनी डोळे मोठे केले. पाळकांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "चूक आमची झाली, विनता. डबा जड झालेला दिसला, बाई हलकी झालेली दिसली नाही. चल, येतो."

ते आले तेव्हा सासूबाई उठून ओसरीवर बसल्या होत्या. पाळक समोरच्या बाजेवर टेकले. इकडचं-तिकडचं काही नाही, सरळ म्हणाले, "शकुबाई, एवढं पीठ काहून भरून राहिल्या? कोणाचं भरता?"

सासूबाई पुष्कळ वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. मी चहाच्या निमित्ताने दाराआड उभी होते. मला वाटलं, आता म्हणतील, काही नाही, देवाचं भरते. पण त्या म्हणाल्या, "जीजीचं."

सासूबाईंना बहीण होती हे मला माहीत नव्हतं. मामंजींनाही नव्हतं. सासूबाई सन एकोणीसशेच्या दुष्काळातल्या अनाथ, मिशनात वाढलेल्या, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या मागचं कोणी विचारत नसे. आमच्या मंडळीत निम्म्या म्हाताऱ्या तशाच आलेल्या होत्या आणि त्या काळाबद्दल बोलायची कोणाची छाती होत नसे.

"आम्ही पाटनचे," सासूबाई म्हणाल्या. "बाप वर्ध्याकडून गाडी हाकायला आला होता. तो आधी गेला, मग माय. मायने जाताना पदराची पुरचुंडी सोडून दिली. पीठ होतं, थोडंसंच. म्हणाली, दोघींनी खा. जीजीला ताप होता. धर्मशाळेच्या ओट्यावर पडली होती, उठवत नव्हतं. मी म्हटलं, पाणी आणते. आणि पुरचुंडी घेऊन जबलपूरच्या रस्त्याला लागली. रस्त्यात बसून कोरडंच खाल्लं. एक चिमूट ठेवली नाही."

पाळकांनी मफलर सोडला नि पुन्हा गुंडाळला.

"मला वाटलं, जीजी मेली. मेली म्हटल्यावर कोणाला काय सांगायचं? एकट्या देवाला सांगितलं. मग या हिवाळ्यात दारावर मटार विकायला बाई आली. पाटनची. म्हणाली, आमच्या शेजारी तुमच्यासारखंच बोलणारी इंदूबाई माळीण आहे, दुष्काळात एकटी उरलेली, माळ्यांनी वाढवली आणि सून करून घेतली." सासूबाईंच्या हातून पदराचा काठ सुटला. "इंदू आमच्या जीजीचं नाव. जिवंत आहे ती. म्हणजे तिला माहीत आहे."

मला हातातली बशी खाली ठेवावी लागली. इतके दिवस मी त्या डब्याच्या झाकणाचा आवाज मोजत होते आणि मनात नाही-नाही ते बोलत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी नुसती कीव आली.

"देवाला सांगितलं म्हणता," पाळक म्हणाले. "मग त्याने काय केलं?"

"क्षमा केली असेल. तुम्ही तर दर रविवारी तसंच सांगता. पण पाळकसाहेब, फुकटची क्षमा घेऊन गप्प बसवत नाही. पीठ खाल्लं होतं, पीठ भरून राहिली."

"फुकट आहे म्हणून तर ती क्षमा आहे, शकुबाई. पिठाने पाप धुतलं जात असतं तर ख्रिस्ताने वधस्तंभावर कशाला जायचं? एक चक्की उघडून दिली असती आपल्याला." पाळकांनी नाक पुसलं. "साऱ्या मध्यप्रांताचं पीठ आणून ओतलंत तरी ती पुरचुंडी भरणार नाही. ती त्याने भरली. तारण झालं ते त्याच्या जिवावर, तुमच्या डब्यावर नव्हे. आता तो तुमच्याकडे पीठ मागत नाही."

"मग काय मागतो?"

"ऐका म्हणतो. ज्याचं मन तुम्ही दुखवलं त्याच्याकडे आधी जा, मग अर्पण घेऊन माझ्याकडे या, हे त्यानेच सांगितलेलं आहे. तुम्ही अर्धपोटी राहिलात, जातं ओढलंत, डबे वाहिलेत. तेवढी एक गोष्ट सोडून सगळं केलंत."

सासूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "जाईन. पायलीभर गहू नेते. गूळ नेते, एक चांगलं लुगडं…"

"काही नेऊ नका."

"म्हणजे?"

"रिकाम्या हाताने जा. काही नेलंत तर तुम्ही पुन्हा फेडायला निघालात."

आता मात्र माझ्याने राहवलं नाही, मी दाराबाहेर आले. बहिणीच्या घरी, तेही जन्मात पहिल्यांदा, आणि रिकाम्या हाताने? माझ्या आईने मला शेजारणीची वाटी परत देताना त्यात चिमूटभर साखर घालायला शिकवलेलं. सासूबाईही माझ्याकडे बघत होत्या, जणू पाळकांनी त्यांना डोक्यावरचा पदर काढून बाजारात जायला सांगितलं होतं. धर्मशास्त्रातलं बाकी सगळं त्यांनी मानलं असतं. हे जड गेलं.

रविवारी त्यांनी डबा नेला तेव्हा पाळकांनी तो टोपलीत ओतू दिला नाही. झाकण लावलेला तसाच वेदीजवळ ठेवला आणि म्हणाले, "पाटनहून परत आलात की ओता." पद्मजाताईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना माफ केलं.

मामंजींना सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते ऐकून बाहेर गेले, बराच वेळ पटाशीला धार लावत बसले आणि आत येऊन एवढंच म्हणाले, "विनताला सोबत ने."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी धान्याच्या मोटारलॉरीवर पोत्यांच्या मध्ये बसून पाटनला निघालो. थंडी मी म्हणत होती. सासूबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. पाटनच्या बाजारात उतरताना माझ्या पिशवीतून पेरूंचा वास आला. हो, मी आणले होते. पाळकांनी सासूबाईंना मनाई केली होती, मला नव्हे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"काय आहे त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो आई, थोडे पेरू. लहान लेकरं असतील घरात…"

"राहू दे ते इथंच."

"आई, माणसं काय म्हणतील?"

"म्हणू दे. मी ऐकायला निघाली, विनता. अर्धं ऐकून चालत नाही." त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली आणि लॉरीच्या ड्रायव्हरपुढे ठेवली. "भैया, ये आप खा लेना." तो खूश झाला. मी नाही.

इंदूबाईंचा मळा गावाबाहेर विहिरीला लागून होता. अंगणात मटाराच्या शेंगांचा ढीग आणि त्यापुढे एक भरभक्कम बाई उकिडवी बसून शेंगा निवडत होती. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. नाक तेच, हनुवटीही तीच. थोरली असून धाकटीपेक्षा धडधाकट दिसत होती.

"जीजी," सासूबाई म्हणाल्या.

"कोन व?"

"शकु."

इंदूबाईंचे हात थांबले आणि लगेच पुन्हा चालू झाले. "शकु मेली."

"नाही मेली."

आणखी चार शेंगा टोपलीत पडल्या. मग त्या वर न बघता म्हणाल्या, "तू त पानी आनाले गेलती न? आनलं?"

मला तर वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. सासूबाई मात्र तशाच उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे, रिकामे. म्हणाल्या, "नाही आणलं. मी पीठ घेऊन पळाली. तू मरशील हे कळत होतं मला, तरी पळाली. सगळं एकटीनं खाल्लं. माझ्याजवळ सांगायला दुसरं काही नाही, जीजी. माफी मागायला आली."

इंदूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

आम्ही अंगणात. सासूबाई खाली मातीत बसल्या, मीही बसले. ऊन चढलं. विहिरीवर मोट चालू होती, तिचा करकर आवाज येत राहिला. माझं डोकं तापत चाललं. इतक्या वर्षांनी आलेल्या बहिणीला पाणीसुद्धा विचारायचं नाही? मग पाणी हा शब्द मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. सासूबाईंचे हात मांडीवर उताणे पडले होते. त्यांना शेंगा निवडायचा मोह होत होता, हे मला बोटांवरून दिसत होतं. त्यांनी एकाही शेंगेला हात लावला नाही.

"आई, लॉरी निघून जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

दार उघडलं. इंदूबाई उंबऱ्यात उभ्या. डोळे लाल. "काय आनलं माह्यासाठी?"

"काहीच नाही."

"काहून?"

"आणलं असतं तर तुला वाटलं असतं, फेडायला आली. ते फिटत नाही, जीजी."

"नाईच फिटत," इंदूबाई म्हणाल्या. "बरं झालं नाई आनलं. आनलं असतं त विहिरीत फेकलं असतं म्या." मग त्यांनी उंबऱ्यावरच बसकण मारली. "रोज शिव्या देल्या तुले. ताप उतरला, उशाशी हात घातला, पुरचुंडी नाई. तवापासून देल्या. लग्नात देल्या, बाळंतपणात देल्या. आता जीभ थकली व माही."

इंदूबाईंची नजर सासूबाईंच्या कपाळावर गेली. "कुंकू नाई. नवरा गेला काय?"

"छे हो, मामंजी ठणठणीत आहेत!" मी मधेच बोलले. "आम्ही ख्रिस्ती. आमच्यात लावत नाहीत."

"किरिस्ताव झाली," इंदूबाई पुटपुटल्या. त्यांनी ती गोष्ट मनात उलटीसुलटी करून बघितली असावी. "आमच्या घरात तुह्या हातचं चालनार नाई."

"माहीत आहे."

"माह्या हातचं तुले चालते?"

"चालतं."

"नवरा हाय म्हनजे सवाशीण हायेस. बस इथं." आणि त्यांनी आतून पाट आणून आपटलाच.

मी समजले, पण सासूबाईंना क्षणभर कळलं नाही. त्यांची ओटी कोणी कधी भरलीच नव्हती. कोण भरणार? ओटी भरायला माहेर लागतं. त्या पाटावर बसल्या आणि पदर पसरला. इंदूबाईंनी सुपात गहू आणले, कुंकवाची कोयरी आणली, बोट बुडवलं आणि कपाळाकडे नेलं. सासूबाईंनी मान हळूच मागे घेतली.

"देवाला शब्द दिला आहे, जीजी."

सगळं जमत आलं होतं आणि एका बोटावर अडलं. इंदूबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "मोठी देवाची!" बोट हवेत तसंच राहिलं. मग त्यांनी वळून ते कुंकू दाराच्या चौकटीला लावलं आणि ओंजळीने गहू भरभरून सासूबाईंच्या पदरात टाकायला सुरुवात केली.

ओटी भरून झाली की त्यातले थोडे दाणे भरणारीला परत द्यायचे असतात, तिचं घर भरलेलं राहावं म्हणून. हे सासूबाईंनी दुसऱ्यांच्या घरी बघितलेलं असणार. त्यांनी पदरातून मूठ भरली आणि सुपात टाकायला पुढे केली. इंदूबाईंनी सूप बाजूला सारलं, स्वतःचा तळवा पसरला आणि ते दाणे घेऊन तोंडात टाकले. कोरडेच, कचाकचा चावले.

"खा न," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "माय म्हने, दोघींनी खा."

तिथे सासूबाई रडल्या. मी इतकी रडले की इंदूबाईंनी मलाच विचारलं, "तुले काय झालं व?" मग त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सासूबाई गहू चावत-चावत ते पाणी प्यायल्या, दोन्ही हातांनी तांब्या धरून.

लॉरी चुकली. इंदूबाईंच्या मुलाने बैलगाडीने अर्ध्या वाटेवर आणून सोडलं आणि पुढे दुसऱ्या गाडीने आम्ही घरी पोचलो. सासूबाईंनी गव्हाचा पदर वाटभर सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या पहाटेच उठून जात्याशी बसल्या, मी समोरून हात लावला. त्याच गव्हाचं पीठ परातीत घेतलं आणि देवाचा डबा देवळातच होता म्हणून त्यातली पहिली मूठ दुसऱ्या डब्यात टाकली. मी टक लावून बघत होते. एकच टाकली. झाकण लावलं.

देवळात त्यांनी वेदीजवळचा जुना डबा टोपलीत ओतला, पाठोपाठ नवी मूठ ओतली. पाळक मफलरात तोंड लपवून उभे होते. त्यांना सर्दी होती असं ते म्हणतात. पद्मजाताईंनी विचारलंच, "शकुबाई, आज एवढंच?"

"मूठ म्हणजे मूठ, पाळकीणबाई," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पानं वाढली. सासूबाईंनी एक पोळी खाल्ली, मग दुसरी मागितली, मग वांग्याच्या भाजीबरोबर आणखी एक. मामंजी हातातला घास तसाच ठेवून बघत राहिले. तेव्हापासून आमच्या घरातली पिठाची चोरी बंद झाली. पीठ मात्र उरलं नाही, कारण सासूबाई जेवायला लागल्या होत्या.